श्रद्धेच्या रकान्यात आडवी रेघ

निरीक्षकांच्या पोटात पहिली कळ उठली ती स्वयंपाकघरातल्या नळावरून. ती कळ पोटाची नव्हती, हे समजायला त्यांना तीन दिवस आणि पाचकाच्या सहा गोळ्या लागल्या.

नळ गळत होता. तसा तो अकरा वर्षं गळत होता. आणि अकरा वर्षं निरीक्षक बायकोला सांगत आले होते, "अगं, इतका आवळू नकोस. जितका आवळशील तितका आतला वायसर झिजेल, आणि तितका जास्त गळेल." हे सांगणारा माणूस काही ऐरागैरा नव्हता. वजनमापं खात्यात एकोणतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेला, दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं आणि कापडवाल्यांच्या पट्ट्या तपासून डोक्याचे केस घालवलेला माणूस होता. बायको दर वेळी "बरं" म्हणायची आणि दोन्ही हातांनी नळ पिळायची.

त्या रविवारी ती प्रार्थनाघरातून परत आली, तिनं हात धुतले आणि झोपलेल्या बाळाची टोपी काढावी तसा नळ दोन बोटांनी हलकेच बंद केला.

निरीक्षकांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "आज आवळला नाहीस?"

"उपदेशक म्हणाले, जे गळायचं ते गळतंच. आवळून आवळून आपलेच हात दुखतात."

झालं. अकरा वर्षांचं शास्त्रशुद्ध मार्गदर्शन पालथ्या घड्यावरून वाहून गेलं होतं, आणि त्या झगेवाल्याचं एक वाक्य थेट नळापर्यंत पोचलं होतं. बरं, ते वाक्य नळाबद्दल होतं का? अजिबात नव्हतं. ते कुणाच्या तरी रुसलेल्या जावयाबद्दल होतं.

तेव्हापासून निरीक्षकांचे कान टवकारले गेले. मग त्यांना घरभर उपदेशकच ऐकू येऊ लागले. दिवा लवकर का मालवायचा? उपदेशक म्हणतात, डोळ्यांनाही आजचा दिवस संपला हे कळू द्यावं. खिडकी उघडी का? उपदेशक म्हणतात, घरालाही श्वास लागतो. निरीक्षकांनी हिशेब केला, तर दिवसाला सरासरी साडेचार वेळा उपदेशक घरात येत होते, आणि निरीक्षक स्वतः, म्हणजे ज्यांच्या नावाची पाटी दारावर होती ते, आठवड्यात एकदाही नाही.

'मत्सर' हा शब्द निरीक्षकांना मान्य नव्हता. मत्सर सिनेमातल्या माणसांना होतो. आपली ही केवळ तक्रार आहे, असं त्यांचं मत होतं. आणि तक्रार आली की जागेवर जाऊन पाहणी करायची, हा खात्याचा नियमच आहे.

चौदा वर्षं बायको दर रविवारी प्रार्थनाघरात जात होती आणि चौदा वर्षं निरीक्षक तिला फाटकापाशी सोडून परत फिरत होते. त्यांचं देवाशी भांडण नव्हतं. देव आहे की नाही असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "मी तपासलेलं नाही," आणि विषय बदलत. पण पुढच्या रविवारी ते फाटक ओलांडून आत गेले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

उपदेशक सहा फूट उंच होते. आवाज असा, की रिकाम्या पिंपात कुणी हळूच बोलावं. पायघोळ करड्या झग्यात ते शांतपणे उभे होते आणि काहीतरी अगदी साधं सांगत होते. निरीक्षकांनी कान देऊन ऐकलं. त्यातलं निम्मं त्यांनी स्वतः कधी ना कधी घरी सांगितलेलं होतं, आणि तेही उदाहरणासकट! मग त्यांची नजर तिसऱ्या बाकावर गेली. तिथं त्यांची बायको बसली होती, मान किंचित कलती, ओठ जरासे उघडे, चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखा. असा चेहरा निरीक्षकांनी शेवटचा पाहिला होता तो लग्न ठरलं त्या दिवशी, आणि तेव्हाही ती खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी येताना त्यांनी पाहणीचा निष्कर्ष काढला. मजकूर तोच. उंची मिळणं या वयात शक्य नाही. आवाज तर नाहीच. निरीक्षकांचा आवाज वंगण न घातलेल्या कप्पीसारखा होता, आणि ते त्यांनी पूर्वीच मान्य केलेलं होतं. मग फरक राहिला कशात? झग्यात! बायको माणसाचं ऐकतच नव्हती, ती झग्याचं ऐकत होती. सदरा-पँट घालून माणूस बोलला की ती कटकट, आणि तेच झगा घालून बोललं की उपदेश.

हे सगळं मनातच राहिलं असतं. पण खालच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहत. भिंतीवर चिकटवलेला कुठलाही कागद पूर्ण वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, "साहेब, प्रार्थनाघरात सहउपदेशक पाहिजे म्हणून नोटीस लागलीय. मानद काम. वयाची अट नाही. मला गुडघ्यामुळं जमत नाही, नाहीतर मीच."

निरीक्षक एका पायरीवर थांबले. "झगा देतात?"

"शिवून घ्यावा लागतो. पण झगा तोच."

तीन दिवसांत अख्ख्या इमारतीला बातमी कळली. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सल्ला दिला की उभं राहून बोलायचं असेल तर पायांना घट्ट मोजे घाला, शिरा फुगतात. समोरच्या न्हाव्यानं सांगितलं, कल्ले पांढरेच ठेवा, काळ्या कल्ल्यांवर लोकांचा विश्वास बसत नाही. देवावर तुमचा विश्वास आहे का, असं मात्र कुणी विचारलं नाही. ते एकट्या बायकोनं विचारलं.

"तुम्ही?" ती हातातली ताटली तशीच धरून म्हणाली. "तुम्ही मानता कुठं?"

"मानलं पाहिजे अशी अट नोटिशीत नाही. मी दोनदा वाचली."

"नोटिशीत नसेल." एवढंच म्हणून तिनं कोरडी ठाक ताटली पुन्हा पुसली. ती कोरडी ताटली निरीक्षकांच्या लक्षात आली होती. पण ती मापात बसणारी गोष्ट नसल्यानं त्यांनी तिची नोंद घेतली नाही.

प्रार्थनाघराच्या कार्यालयात एक कार्यालयीन बाई होत्या. चष्मा कपाळावर, शिक्का हातात, आणि समोर येणारा प्रत्येक माणूस चुकीच्या खिडकीवर आलेला आहे अशी श्रद्धा. त्यांनी चार पानी अर्ज दिला. नाव, पत्ता, जन्मतारीख इथपर्यंत निरीक्षक वाऱ्यासारखे गेले. नवव्या रकान्यात लिहिलं होतं, 'श्रद्धेचा कालावधी'. तिथं पेन अडलं.

इथं निरीक्षकांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. माणूस हेवेखोर असेल, हेकट असेल, पण खोटा नव्हता. एकोणतीस वर्षांत त्यांनी चुकीचा आकडा कधी लिहिला नव्हता. पोस्टमास्तरांनी "लिहा की, 'जन्मापासून'" असं सांगितलं होतं. तो सल्ला त्यांनी मोडीत काढला आणि रकाना कोरा ठेवला.

"कोरा चालत नाही," बाई म्हणाल्या.

"मग लागू नाही असं..."

"'लागू नाही' असा शब्द आमच्याकडं नाही. काहीतरी भरा."

निरीक्षकांनी त्यांच्या खात्यात करतात तशी एक आडवी रेघ मारली. त्यांच्या खात्यात तिचा अर्थ 'निरंक', म्हणजे शून्य. बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अखंड," त्या म्हणाल्या. "असं लिहिणारा पहिलाच माणूस बघितला." आणि खाडकन शिक्का मारला.

मुलाखतीला तीन वडीलधारे होते. एक निवृत्त न्यायाधीश, एक माजी मुख्याध्यापिका, आणि तिसरे कानांनी अधू गृहस्थ, ज्यांचं मत सगळ्यांत मोठ्यानं असायचं. उपदेशक कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. निरीक्षकांनी त्यांच्याकडे न बघण्याची काळजी घेतली आणि त्यामुळं सगळा वेळ त्यांचे बूटच बघितले. बूटसुद्धा चांगले होते.

"देवाबद्दल तुमच्या मनात काय आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"शंका," निरीक्षक म्हणाले.

"कोणत्या?"

"सगळ्या."

निरीक्षकांना वाटलं, संपलं. पण मुख्याध्यापिकाबाईंनी रुमाल डोळ्यांना लावला. "एकोणीस जण आले," त्या म्हणाल्या, "एकालाही शंका नाही! सगळे कसे लखलखीत. शंका असलेल्या माणसाला असल्या लोकांनी काय धीर द्यायचा?"

"काय म्हणाला?" कानांनी अधू गृहस्थ ओरडले.

"शंका आहे म्हणतात!"

"कोणाला नसते? घेऊन टाका!"

तीन महिने संध्याकाळचे वर्ग झाले. पाठांतर निरीक्षकांना जड गेलं नाही; खात्याची नियमावली त्याहून रटाळ होती. घोडं अडलं ते झग्यापाशी. शिंप्यानं माप घेण्यासाठी गळ्यातली पट्टी काढली, निरीक्षकांच्या खांद्याला लावली, आणि निरीक्षकांनी सवयीनं ती हातात घेऊन उजेडात धरली. पट्टी वापरून वापरून ताणली होती. हातभर लांबीत दीड बोटाचा फरक! आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. निरीक्षकांनी जागेवर पंचनामा करून पट्टी जप्त केली. शिंपी हात जोडून म्हणाला, "साहेब, नवी पट्टी आणेपर्यंत माप कशानं घेऊ?" शेवटी शिंप्यानं उपदेशकांचा जुना झगा समोर ठेवला आणि नजरेच्या अंदाजानं शिवलं. नजर बहुधा उपदेशकांच्या झग्यावरच राहिली. निरीक्षक पाच फूट चार इंच होते.

पहिल्या प्रवचनाचा दिवस उगवला. तिसऱ्या बाकावर बायको बसली होती आणि मांडीवरच्या पर्सचा खटका एकसारखा उघडत-मिटत होती. निरीक्षकांनी विषय निवडला होता 'तराजू'. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं तयार. त्यांनी मंचाच्या पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर डावा पाय ठेवला, आणि दोन्ही पाय झग्यावरच आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा ते आडवे होत होते. पडताना त्यांनी आधारासाठी जे धरलं तो माइक होता. त्या माइकमधून निघालेली किंकाळी माइकची की निरीक्षकांची, यावर आजही दोन मतं आहेत.

सभागृहात हसू फुटलं. दाबलेलं, पण फुटलंच. तेव्हा उपदेशक उठले, घाई न करता आले, निरीक्षकांना दोन्ही काखांत हात घालून अलगद उचललं, खुर्चीवर बसवलं आणि लोकांकडं वळून म्हणाले, "या पायऱ्यांवर मी चार वेळा पडलोय. फक्त तेव्हा सभागृह रिकामं होतं. यांनी ते तुमच्यासमोर केलं, याला धैर्य लागतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांना बरगड्यांपेक्षा त्या टाळ्या जास्त लागल्या. पडले निरीक्षक, आणि मोठे झाले उपदेशक!

घरी बायकोनं घोट्याला पट्टी बांधता बांधता म्हटलं, "किती अलगद उचललं नाही त्यांनी?"

निरीक्षकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पाय तिच्या हातात होता.

घोटा सुजल्यामुळं उभं राहून बोलणं बंद झालं. म्हणून उपदेशकांनी त्यांना बसून करायचं काम दिलं: बुधवारची भेटीची वेळ. दुपारी चार ते सहा, बाजूबाजूच्या दोन छोट्या खोल्या, एकीत उपदेशक आणि एकीत सहउपदेशक. लोकांनी कार्यालयातून नंबर घ्यायचा, एकेकानं आत यायचं आणि मनातलं बोलायचं. भिंतीवर पाटी होती: 'येथे बोलणाऱ्यास मध्ये थांबवू नये. येथे ऐकलेले बाहेर नेऊ नये.'

पहिल्या बुधवारी उपदेशकांच्या दारासमोर चौदा माणसं होती आणि निरीक्षकांच्या दारासमोर एक छत्री, तीही कुणीतरी विसरलेली. दुसऱ्या बुधवारी छत्रीही गेली. मग दयाबुद्धीनं पोस्टमास्तर येऊ लागले. ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत. निरीक्षकांनी मध्ये तोंड उघडलं की ते पाटीकडं बोट दाखवत. निरीक्षक एकीकडं टाकीचं ऐकत आणि दुसरीकडं पलीकडच्या खोलीत कितव्यांदा दार वाजलं ते मोजत.

तिसऱ्या आठवड्यात उपदेशक परगावी गेले होते, आणि कोपऱ्यावरचा बूटवाला धापा टाकत आला. त्याची आई अंथरुणाला खिळली होती, आता थोडेच दिवस होते, आणि तिला कुणीतरी झगेवाला माणूस हवा होता. निरीक्षक लंगडत गेले. दुकानाच्या वरची खोली, चामड्याचा आणि डिंकाचा वास, आणि पलंगावर पाखराएवढी म्हातारी.

"नवे का तुम्ही?" ती म्हणाली. "एक विचारू? वर काही आहे का?"

मुलगा तिच्या उशामागं उभा राहून जोरजोरात मान हलवत होता, हो म्हणा, हो म्हणा. सगळ्या वर्गांत पाठ केलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते सुंदर होतं. पण तो आकडा त्यांनी स्वतः मोजलेला नव्हता.

"आजी, मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तपासलेलं नाही."

मुलानं कपाळावर हात मारला. म्हातारी मात्र त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली आणि मग तिचा श्वास सैल झाला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "बाकी सगळे 'आहे, आहे' म्हणतात आणि घड्याळ बघतात. बसा."

निरीक्षक बसले. ती बोलत राहिली. नवऱ्यानं शिवलेला पहिला जोड दोन्ही डाव्या पायांचा कसा झाला होता. एका खिडकीवरून बहिणीशी चाळीस वर्षं अबोला कसा धरला, आणि आता ती खिडकीही पाडून टाकली. निरीक्षक मध्ये बोलले नाहीत. आधी नियम म्हणून, आणि पुढं पुढं त्यांना नियमाची आठवणच राहिली नाही. तिला झोप लागली तेव्हा तिच्या मुठीत त्यांच्या झग्याची लांबलचक बाही होती. ती सोडवली तर ती जागी झाली असती. म्हणून ते तसेच बसून राहिले, एकूण दीड तास. तिसऱ्या दिवशी ती गेली, शांतपणे.

बूटवाल्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक एका पायावर उभं असतं, त्याला पळून जाता येत नाही. त्यामुळं ही गोष्ट आठवड्याभरात गावभर झाली. पुढच्या बुधवारी निरीक्षकांच्या दारासमोर अकरा माणसं होती.

ते घरी आले ते हवेतच. आज बायको काय म्हणते ते ऐकायला कान आसुसले होते.

"दीड तास बसलात तिच्यापाशी?" तिनं विचारलं.

"हो," निरीक्षक शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले.

"हात धरून?"

"बाही. तिनं धरली होती."

बायको खुर्चीवर बसली. "सात वर्षांपूर्वी मला नऊ दिवस ताप होता. आठवतं? तुम्ही तीन थर्मामीटर आणलेत. तिन्ही एकमेकांशी ताडून बघितलेत. एकात अर्ध्या अंशाचा फरक निघाला, तेव्हा दुकानदाराला नोटीस काढायला गेलात. तिथंच संध्याकाळ झाली तुम्हाला."

"अगं, ताप नक्की किती हे कळल्याशिवाय..."

"बघा. आत्तासुद्धा." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "त्या म्हातारीचा हेवा वाटला मला आज. मेलेल्या बाईचा हेवा! लाज वाटते सांगायला. आणि आणखी एक. मला आठवड्यात एक तास मिळत होता. तिथं माझं बरोबर की चूक ते कुणी तपासत नव्हतं. तुम्हाला तोसुद्धा बघवला नाही. या रविवारपासून मी येणार नाही."

ती खरंच आली नाही. त्या रविवारी नाही, पुढच्या नाही. निरीक्षक आता उभे राहून बोलू लागले होते. झगा आखूड करून घेतला होता, लोक ऐकत होते. भाजीवाली, न्हावी, नर्सबाई, सगळ्यांच्या तोंडी "सहउपदेशक म्हणतात". इतकंच काय, खुद्द खात्यातला साहेबसुद्धा एकदा म्हणाला. ज्या एका तोंडून ते ऐकायला हा सगळा उपद्व्याप मांडला होता, ते तोंड घरी बसून मोजे रफू करत होतं, आणि विचारलेल्या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" एवढंच म्हणत होतं. तिसऱ्या बाकावरची ती रिकामी जागा मंचावरून फार मोठी दिसायची.

एका बुधवारी भेटी संपल्यावर उपदेशक दोन कप चहा घेऊन त्यांच्या खोलीत आले.

"माझ्याकडं आज तिघंच होते," ते म्हणाले. "तुमच्याकडं सतरा. मला तुमचा हेवा वाटतो. वाटू नये, पण वाटतो. सांगून टाकलं की जरा कमी होतो, म्हणून आलो."

ज्या क्षणासाठी निरीक्षकांनी पाच-सहा महिने जिवाचा आटापिटा केला तो क्षण समोर चहा घेऊन बसला होता, आणि त्यांना त्याची चवच लागेना. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उपदेशक, मी मानत नाही. कशालाच. अर्जातली ती रेघ म्हणजे निरंक."

"माहीत आहे," उपदेशक म्हणाले. "तुमच्या मिसेसनी सांगितलं होतं. सात-आठ वर्षं झाली असतील."

सात-आठ वर्षं! म्हणजे हे दोघं त्यांच्याबद्दल बोलत होते! "अजून काय सांगितलं तिनं?"

उपदेशकांनी भिंतीवरच्या पाटीकडं बघितलं. "ते बाहेर नेता येत नाही."

"आपण आतच आहोत!"

"त्या माझ्या खोलीत बोलल्या, ही तुमची खोली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "एवढं सांगतो. चौदा वर्षांत ताई तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल बोलल्या नाहीत. कधी कधी मलाच कंटाळा यायचा."

निरीक्षकांनी कप खाली ठेवला. मग उठले, झगा काढला, त्याची घडी घातली आणि थेट कार्यालयात गेले. "बाई, राजीनामा."

कार्यालयीन बाईंनी फॉर्म काढला. "कारण? आजारपण, गावबदल की मृत्यू?"

"अश्रद्धा."

बाईंनी फॉर्म उलटून सुलटून पाहिला. "हे छापलेलं नाही. 'इतर'मध्ये घालावं लागेल. आणि 'इतर' आलं की तिन्ही वडीलधाऱ्यांची बैठक लागते. ती आता चार महिन्यांनी." त्यांनी चष्मा खाली घेतला. "आणि पुढच्या बुधवारचे तुमचे नंबर वाटून झालेत. ते मला परत घेता येत नाहीत. नियम नाही तसा."

म्हणून पुढच्या बुधवारी निरीक्षक पुन्हा त्या खोलीत बसले. पहिल्या नंबराला शिंपी आला आणि पट्टी परत मागून गेला. दुसरी एक शिक्षिका होती. तिसरा माणूस काहीच न बोलता रडला आणि बरं वाटलं म्हणाला. निरीक्षकांनी कागदावरून नजर न काढताच पुकारलं, "नंबर चार."

दार लोटून त्यांची बायको आत आली. तिनं नंबराचा बिल्ला टेबलावर ठेवला, समोरच्या बाकावर बसली, पदर सारखा केला.

"अगं, तू? घरी..."

तिनं पाटीकडं बोट दाखवलं. निरीक्षकांनी तोंड मिटलं.

"माझे मिस्टर वजनमापं खात्यात आहेत," ती परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली. "माणूस सरळ आहे. खोटं बोलत नाही. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे वाक्य मापात बसवून न्यावं लागतं, नाहीतर परत पाठवतात. त्यांना वाटलं, मी उपदेशकांवर भाळले. हसू येतं मला. उपदेशक घोरतात, सभागृहात पाठांतर चालू असतं तेव्हा, कितीदा बघितलंय मी." ती थांबली. पर्सचा खटका उघडला, मिटला. "दोन वर्षं झाली, उजव्या डोळ्यानं मला धुरकट दिसतं. डॉक्टरकडं जायचंय. घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर यांनी आधी डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता किती फुटांवर लावलाय ते मोजलं असतं."

खरं सांगायचं तर त्याच क्षणी निरीक्षकांच्या मनात, तो तक्ता नक्की किती फुटांवर असायला हवा, हाच विचार येऊन गेला होता. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की कान तापले. त्यांनी दोन्ही हात टेबलाखाली एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

"भीती वाटते मला," ती म्हणाली. "डोळ्याची नाही. म्हणजे डोळ्याचीही. पण एकटीनं जाऊन बसायची जास्त. तिथं त्या बाकड्यावर सगळ्यांबरोबर कुणीतरी आलेलं असतं. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले."

दारावर टकटक झाली. पाठोपाठ पोस्टमास्तरांचा आवाज आला, "वेळ संपली! सात मिनिटं झाली! नंबर पाच मी आहे, आणि आज टाकीचं झाकणच उडालंय!"

तिनं पर्स उचलली आणि अर्धवट उठली. निरीक्षकही उठले. त्यांनी दार दोन बोटं उघडलं, पोस्टमास्तरांच्या हातातला बिल्ला काढून घेतला आणि त्यांना पलीकडच्या दाराकडं बोट दाखवलं. "उपदेशकांकडं जा. मोकळे आहेत ते. आणि चांगलं ऐकतात." मग त्यांनी दार लावून आतून कडी घातली.

परत आले तेव्हा ते टेबलाच्या त्या बाजूला गेले नाहीत. बाकावर, तिच्या शेजारी, उजव्या बाजूला बसले.

तिनं एकदा त्यांच्याकडं आणि एकदा कडीकडं पाहिलं, आणि पर्स खाली ठेवली.

"पुढं बरंच आहे," ती म्हणाली.